वेब डेव्हलपरनं कोणाला वाचावं? ब्लॉग निवडताना या चुका टाळा

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही ऑफिसात नवीन लागलेलं पोर सीनियरला एक प्रश्न हमखास विचारतं, "दादा, चांगले ब्लॉग कुठले? यादी द्या ना." दादाही कुठली तरी 'टॉप ५०'ची लिंक व्हॉट्सॲपवर ढकलून मोकळा होतो. पोर सगळे ब्लॉग सेव्ह करतं, त्यातले चार उघडतं, दोन वाचतं आणि महिन्याभरात पुन्हा यूट्यूबवर येतं. पोरात आळस नसतो, यादीतच दम नसतो.

'टॉप ५०'च्या भरवशावर राहणं

या याद्या बहुतेक वेळा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. ओळखायचं कसं? सीएसएस-ट्रिक्स (पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेवरची साइट) त्यात कुठे आहे आणि त्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. ख्रिस कॉयरनं २००७ मध्ये सुरू केलेली ही साइट २०२२ मध्ये डिजिटलओशन या होस्टिंग कंपनीनं विकत घेतली. २०२३ मध्ये तिथलं नवीन लिखाण जवळपास आटलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. याद्यांमध्ये मात्र 'रोज नवीन लेख' हे वर्णन तसंच. यादी करणाऱ्यानं साइट उघडूनही पाहिलेली नाही, हे एवढ्यावरून कळतं. (तिथलं फ्लेक्सबॉक्सचं, म्हणजे सीएसएसमधल्या मांडणीच्या एका पद्धतीचं, मार्गदर्शक आजही उत्तम आहे, ते जरूर वाचा.)

त्यापेक्षा हातातल्या कामापासून सुरुवात करा. समजा, मोबाइलवर बटण दाबलं की पान क्षणभर गोठतं. त्यावरचे तीन-चार लेख उघडा आणि मजकुराच्या आधी त्यातल्या लिंका बघा. हे सगळे कोणाचा हवाला देतात? वेगाच्या विषयात असा माग काढत गेलात की लवकरच हॅरी रॉबर्ट्स आणि टिम कॅडलेक भेटतात. ॲक्सेसिबिलिटीत (अपंग युजरनाही साइट वापरता येणं) एड्रियन रोसेली. इव्हेंट लूप (जावास्क्रिप्ट कुठलं काम कधी करते तो क्रम) डोक्यावरून जात असेल तर जेक आर्चिबाल्डचा २०१५चा लेख. सीएसएस लेआउटसाठी अहमद शदीद आणि रेचल अँड्र्यू. सिक्युरिटीत पोर्टस्विगरची रिसर्च टीम आणि ट्रॉय हंट. ही नावं इथूनही उचलता येतील, पण माग काढत पोचलात तर त्या माणसाचं लिखाण कशासाठी उघडायचं हेही कळलेलं असतं.

लेखावरची तारीख खरी मानणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'जेक्वेरी (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) सार्वजनिक सीडीएनवरून (सगळ्यांना खुल्या फाइल-सर्व्हरवरून) घ्या, दुसऱ्या साइटमुळे ती युजरच्या ब्राउझरमध्ये आधीच कॅश झालेली (साठवलेली) असेल' हा सल्ला अजून नव्या कोऱ्या लेखांत सापडतो. एके काळी तो बरोबर होता. आता ब्राउझर प्रत्येक साइटची कॅश वेगळी ठेवतात. सफारीनं हे फार आधी केलं, क्रोमनं ऑक्टोबर २०२० मध्ये ८६व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सनं जानेवारी २०२१ मध्ये. म्हणजे शेजारच्या साइटनं आणलेली फाइल तुमच्या साइटला मिळतच नाही. उलट नव्या सर्व्हरशी जोडणी करायचा वेळ तेवढा वाढतो. तीच गत सगळ्या जावास्क्रिप्ट फाइल्स एकत्र शिवायच्या आणि सगळे आयकॉन एका चित्रात कोंबायच्या सक्तीची. एचटीटीपी/२ (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या संवादाच्या नियमांची नवी आवृत्ती) मे २०१५ मध्ये प्रमाणित झालं आणि त्या सक्तीचं मूळ कारणच, म्हणजे फाइलींची संख्या वाढली की पान रखडणं, बरंच ढिलं पडलं.

'अपडेटेड' असा शिक्का मारायला एक क्लिक पुरते, म्हणून शिक्का सोडा आणि मजकुराची परीक्षा घ्या. कोअर वेब व्हायटल्सवरचा (साइट वापरताना कशी वाटते याच्या गूगलच्या मापांवरचा) लेख एफआयडीबद्दल (युजरच्या पहिल्या कृतीला होणारा उशीर) बोलत असेल तर वर २०२५ लिहिलेलं असलं तरी तो शिळा आहे. १२ मार्च २०२४ला त्या मापाच्या जागी आयएनपी (सगळ्याच कृतींना पान किती लवकर प्रतिसाद देतं ते माप) आलं आणि २०० मिलिसेकंदांच्या आतलं आयएनपी चांगलं धरतात. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा धडा 'क्रिएट रिॲक्ट ॲप'नं (नवा प्रोजेक्ट उभा करायचं साधन) सुरू होत असेल तर टॅब बंद करा. रिॲक्टच्या टीमनंच फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बाद ठरवलं. तुमच्या विषयातल्या अशा दोन-तीन खुणा लक्षात ठेवल्यात की लेख ताजा की शिळा हे अर्ध्या मिनिटात समजतं.

चांगला लेखक जुना लेख गुपचूप बदलत नाही. रोसेलीच्या लेखांखाली तारखेसह पुरवण्या जोडलेल्या दिसतात: अमुक दिवशी अमुक स्क्रीन रीडरवर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा तपासलं, आता असं दिसतं. ज्या ब्लॉगवर अशा दुरुस्त्या आहेत तो बेधडक फीडमध्ये (निवडलेल्या ब्लॉगचे नवे लेख आपोआप जमा होणारी यादी) टाका.

नाव मोठं म्हणून सगळं ऐकणं

रिॲक्टमधला दादा माणूस डेटाबेसबद्दल लिहितो तेव्हा तो तुमच्या-आमच्यासारखाच असतो. तज्ज्ञाची वाट अरुंद असते, म्हणून माणूस निवडताना विषयासकट निवडा.

कंपन्यांच्या ब्लॉगबाबत तर जास्तच सावध राहा. होस्टिंग विकणाऱ्याचा लेख शेवटी होस्टिंगवरच येऊन थांबतो, यात नवल नाही. पण ब्राउझरवाल्यांचंही थोडं तसंच आहे. वेबकिट (सफारीचं इंजिन), क्रोम आणि मोझिलाचे (फायरफॉक्सवाल्यांचे) ब्लॉग वाचायलाच हवेत, कारण बातमी तिथेच आधी येते. फक्त प्रत्येक जण आपल्या ताटातलं वाढतो. सीएसएसमधला 'हॅज' सिलेक्टर (आत काय आहे ते बघून बाहेरचा घटक निवडणारा) सफारीत मार्च २०२२ मध्ये आला, क्रोममध्ये त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि फायरफॉक्समध्ये थेट डिसेंबर २०२३ मध्ये. वेबकिटचा उत्साही लेख वाचून त्याच आठवड्यात क्लायंटच्या साइटवर तो वापरला असता तर फायरफॉक्सवाल्यांना मोडका मेन्यू दिसला असता. अशा वेळी एमडीएन या वेब संदर्भ-साइटवरचा बेसलाइनचा बिल्ला (ब्राउझरमध्ये ती सोय कितपत पोचलीय ते सांगणारा) बघायचा. सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये येऊन ३० महिने झाले की तिथे 'सर्वत्र उपलब्ध' अशी नोंद होते.

कोड उचलणं, टीप सोडणं

एरिक मायरच्या जुन्या सीएसएस रीसेटमध्ये (ब्राउझरची मूळ स्टाइल पुसणारे नियम) फोकसची आउटलाइन (कीबोर्डनं जिथे आहोत त्या लिंक-बटणाभोवतीची रेघ) शून्य केलेली होती आणि त्याला जोडूनच टीप होती: फोकसची स्टाइल स्वतः द्यायला विसरू नका. लोकांनी नियम उचलला, टीप सोडली. कीबोर्डवर काम करणाऱ्याला आपण पानात कुठे आहोत हेच दिसेना, अशा साइट्सचा त्यानंतर सुकाळ झाला. मायरनं २०११च्या आवृत्तीत तो नियमच काढला, तरी आउटलाइन उडवायची सवय काही गेली नाही.

आपली लिपी त्यांच्या डोक्यातच नाही, हे विसरणं

यावर जरा थांबून लिहितो, कारण ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच कामांत हे आडवं येतं आणि नावाजलेल्या ब्लॉगवर याचं उत्तर नसतं. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचं मेंबर पोर्टल घ्या. फोटो नसेल तर गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवायचं. इंग्रजी लेखातला कोड म्हणतो, स्ट्रिंगचं पहिलं कॅरॅक्टर घ्या. नीता, नाना, नूतन तिघांच्याही गोलात 'न' येतो आणि 'श्रीकृष्ण'चा होतो 'श'. यावर जावास्क्रिप्टमधलं 'इंटल सेगमेंटर' हे मजकूर पूर्ण अक्षरांत तोडणारं साधन आहे, पण तिथेही मेख आहे. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडनं (सगळ्या लिप्यांसाठीचं जागतिक प्रमाण) २०२३च्या १५.१ आवृत्तीत आणला. त्याआधीचे नियम वापरणारा ब्राउझर 'श्री' न देता पाय मोडका 'श्' देतो.

तेच टायपोग्राफीचं. इंग्रजी मथळा देखणा करायला अक्षरांमधलं अंतर वाढवा, हा सल्ला मराठी मथळ्यावर वापरला की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. ओळींमधली उंची १.२ ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतात. पानाची भाषा मराठी म्हणून जाहीर केली नाही, तर मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' असलेला फॉन्टही हिंदी वळण दाखवतो. अशा प्रश्नांसाठी रिचर्ड इशिदाचं लिखाण, वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या आंतरराष्ट्रीयीकरण गटाचे लेख आणि मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचं काम (मुक्त आणि बलू हे फॉन्ट त्यांचेच) धुंडाळा. आपल्याकडच्या डेव्हलपरनं फॉलो करायच्या यादीत हे सगळ्यात वर असायला हवेत आणि मला ते कुठल्याही 'टॉप ५०'त दिसलेले नाहीत.

फीडचा डोंगर

न वाचलेल्या लेखांचा आकडा वाढत चाललाय आणि ॲप उघडायचीच धास्ती बसलीय? मग आधी काढायला लागा. बातम्यांसाठी फ्रंटएंड फोकस किंवा जावास्क्रिप्ट वीकली यांपैकी एकच न्यूजलेटर ठेवा. दोन्ही एकाच घरची आहेत. बाकी फीडमध्ये फक्त व्यक्ती ठेवा. जो महिन्यातून एकदाच लिहितो त्याला ठेवा, जो दिवसातून तीनदा लिहितो त्याला काढा. ट्रान्स हार्बर लोकलला ठाण्याहून बसून ऐरोलीला उतरणाऱ्याचा एक लेखही पुरा होत नाही, पनवेलवाल्याची चंगळ असते. त्या हिशेबानंच ब्लॉग घ्या.

फीड रीडर म्हणून फीडली चालेल. ॲपलवाल्यांना नेटन्यूजवायर फुकट आहे आणि थंडरबर्डमध्ये ईमेलच्या शेजारीच फीड वाचता येतात. गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला तेव्हा अनेकांची यादी त्याच्याबरोबरच बुडाली, म्हणून अधूनमधून तुमची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (दुसऱ्या रीडरमध्येही उघडता येणारी यादीची फाइल) उतरवून ठेवा.

ब्लॉगवर फीडचं बटण दिसत नसेल तर नाही म्हणून सोडून देऊ नका. रीडरमध्ये मुख्य पानाचा पत्ता टाकून बघा, बहुतेक रीडर फीड स्वतःच हुडकतात. तरीही नाही सापडलं तर पानाचा सोर्स उघडून त्यात आरएसएस किंवा ॲटम (फीडचे दोन प्रकार) हा शब्द शोधा. बटण काढलं तरी ती ओळ काढायची बऱ्याच जणांच्या ध्यानातच राहत नाही.