मचाणावर ठासणीची बंदूक: या चुका टाळा

अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या शिकारीसाठी बहुतेक राज्यांत मझललोडरचा, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकांचा खास हंगाम भरतो. तिकडे परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार गुन्हा आहे, तेव्हा इथल्या वाचकांनी हे माहितीपुरतंच वाचावं.

काडतुसाच्या रायफलीतून सगळी काडतुसं काढली की ती रिकामी झाली. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तळाशी गजाने ठासलेली असते, आणि ती सहजी निघत नाही. बंदूक पहाटे भरली की संध्याकाळपर्यंत भरलेलीच राहते. मधल्या वेळात बार उडण्यापासून अडवते ती फक्त एक गोष्ट: निपलवर (नळीच्या मागच्या टोकाची भोक असलेली खुंटी) टोपी (आघाताने ठिणगी देणारी धातूची छोटी वाटी) नसणं, किंवा चकमकीच्या बंदुकीत पॅनमध्ये (नळीच्या बाजूची उथळ वाटी) रंजक (पेटवणीची बारीक दारू) नसणं. म्हणून मचाणावर काय करता याइतकंच ते कोणत्या क्रमाने करता हेही महत्त्वाचं आहे.

टोपी लावूनच बंदूक वर ओढणे

सगळ्यात घातक चूक हीच. अनेक राज्यांचा कायदा टोपी किंवा प्रायमर (नव्या बंदुकांत टोपीच्या जागी असतो तो) काढलेल्या मझललोडरला 'रिकामी' मानतो. कायद्यासाठी ती रिकामी असेल, तुमच्यासाठी ती भरलेलीच. म्हणून टोपी काढल्याशिवाय, घोडा (टोपीवर आपटणारी हातोडी) खाली घेतल्याशिवाय दोरीला हात लावू नका. चकमकीची असेल तर पॅन पुसून कोरडं करा.

क्रम असा ठेवा: आधी अंगात पूर्ण हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारे पट्टे. जमिनीवरूनच तो झाडाच्या सुरक्षा-दोराला अडकवा आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत सोडू नका. पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो चढता-उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना, आणि नेमक्या त्याच वेळी बरेच जण मोकळे असतात. हात रिकामे ठेवून चढा. बसल्यावर, पट्टा ताणून पाहिल्यावर, मग बंदूक ओढा. टोपी सगळ्यात शेवटी.

दोरी चापाला किंवा चापाच्या कड्याला बांधू नका. फांदीत अडकली की झटका तिथेच बसतो. नळीचं तोंड खाली राहील अशी बांधा, आणि ज्या बाजूने चढता तिच्या पलीकडच्या बाजूने ओढा. तोंड खाली म्हणजे ते ओल्या पानांत, चिखलात, बर्फात टेकणार. नळीत चिखलाचा बोळा राहिला तर बार उडताना नळी फाटू शकते. तोंडावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला की हा धोका टळतो.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण तपासतात. तोंड खाली करून हिसके खात वर आलेल्या बंदुकीत सैल बसलेली गोळी दारूपासून पुढे सरकू शकते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर गोळी अडथळ्यासारखी वागते आणि नळीवर नको तेवढा दाब येतो. उपाय सोपा आहे. गजावर दोन खुणा करून ठेवा: एक रिकाम्या नळीची, एक नेहमीच्या भरणीची. वर आल्यावर, टोपी लावण्याआधी, गज घालून खूण जुळते का ते बघा. चुकून दोनदा भरलेली बंदूकही याच खुणेने पकडली जाते.

अर्ध्या घोड्यावर विसंबणे

हरीण आलं, घोडा ताणला, हरीण निघून गेलं. आता गारठलेल्या बोटांनी, हातमोजे घालून घोडा उतरवायचा आहे. नळी माणसांपासून आणि स्वतःच्या पायांपासून दूर, मोकळ्या जमिनीकडे. हातमोजा काढा, अंगठ्याने घोडा सावकाश अर्ध्यावर (अर्धवट ताणून खाचेत अडकलेला) आणा, आणि लगेच टोपी काढा. अर्ध्या घोड्याची खाच झिजलेली असू शकते. तिच्या भरवशावर टोपी लावलेली बंदूक मांडीवर घेऊन बसू नये.

वरच बसून घाईने पुन्हा भरणे

माझं स्पष्ट मत: नवख्याने मचाणावर पुन्हा भरू नये. अरुंद फळीवर उभं राहून गज दाबताना तोल जातो, आणि नळीचं तोंड चेहऱ्याशी येतं. शिवाय पहिल्या बारानंतर नळीत निखारा राहिलेला असू शकतो, आणि काळी दारू (या बंदुकांची पारंपरिक दारू) ठिणगीला लगेच पेट घेते. भरायचंच असेल तर थांबा, ओलसर चिंधी नळीत फिरवा, दारू मापातूनच ओता. थेट भुकटीच्या डब्यातून कधीच नाही, नाहीतर डबाच हातात उडेल. नळीत फुंकर मारायची नाही. गज नळीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर धरून आखूड आखूड दाबा.

दारूचं माप आकारमानाने घ्यायचं. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला बनवणाऱ्याने दिलेलं माप वापरा. काडतुसात वापरतात ती धूररहित दारू यात घातली तर नळी फुटू शकते, अगदी थोडी घातली तरी.

टोपी फुटली, बार झाला नाही

नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान एक पूर्ण मिनिट थांबा. दारू सावकाश पेट घेऊन बार उशिरा होऊ शकतो. तोंडाकडे डोकावू नका, बंदूक दोरीने खालीही सोडू नका. मिनिट सरल्यावर नवी टोपी लावून एकदा पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाही उडाली तर पुन्हा मिनिटभर थांबा, टोपी काढा, बंदूक उतरवा. बहुधा निपल तुंबलेलं असतं किंवा दारू ओली झालेली असते. जमिनीवर सुईने निपल मोकळं करा. तरीही अडली तर कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने भरणी बाहेर काढणारं साधन वापरा. इनलाइन बंदुकीचा (जिच्यात पेटवणी नळीच्या सरळ मागे असते) ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, मात्र टोपी काढल्याची खात्री करूनच उघडा.

भरलेली बंदूक घरात नेणे

संध्याकाळी आधी टोपी काढा, बंदूक खाली सोडा, मग तुम्ही उतरा. भरणी तिथेच रिकामी करायची असेल तर मऊ मातीच्या बांधात मारा, पण शिकारीची वेळ संपल्यावर बार करायला तुमच्या राज्यात परवानगी आहे का, हे आधी पाहा. नसेल तर गॅसच्या साधनाने काढा. थंडगार बंदूक गरम खोलीत आणली की नळीत दव धरतं आणि दुसऱ्या दिवशी टोपी नुसती फुटते. काळी दारू किंवा पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू वापरली असेल, तर त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवा.