व्हिसलरला पहिल्यांदा जाताय आणि भीती वाटतेय? सोपे रन असे निवडा

व्हॅन्कूवर-सरेकडच्या आपल्या मंडळींमधले बरेच जण हिवाळ्यात एकदा तरी व्हिसलरच्या स्की रिसॉर्टला जातात, भारतातून कोणी आलं असेल तर हमखास जातात, आणि त्या ग्रुपमध्ये कोणीतरी एक असतोच ज्याने कधी स्की पायात घातलेले नाहीत आणि आदल्या रात्रीपासून ज्याच्या पोटात गोळा आलाय. हे त्याच्यासाठी लिहितेय, आणि त्याला घेऊन जाणाऱ्यासाठी तर जास्तच, कारण कुठे जायचं हे बहुतेक वेळा तोच ठरवतो आणि त्याला सगळंच सोपं वाटत असतं.

आधी जागेचा अंदाज घ्या. व्हिसलर आणि ब्लॅककोंब हे शेजारी शेजारी दोन डोंगर, मिळून ८,००० एकरांहून मोठा पसारा आणि २०० हून जास्त रन, म्हणजे स्की करत उतरायच्या आखलेल्या वाटा. गाव साधारण ६७५ मीटरवर, व्हिसलरचं टोक २,१८२ मीटरवर. म्हणजे वरून खाली दीड किलोमीटर उभी उंची. नवशिक्याने यातला जेमतेम एक कोपरा वापरायचा असतो आणि पहिल्या दिवशी तेवढा भरपूर पुरतो. नकाशा मोठा आहे म्हणून सगळीकडे फिरायलाच हवं असं काही नाही.

आता रंगांचं. हिरवा गोल म्हणजे सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड अवघड, दोन काळे डायमंड म्हणजे आपण तिकडे बघायचंही नाही. पण हे रंग त्या त्या रिसॉर्टपुरते असतात. तिथल्या बाकीच्या रनच्या मानाने हा सोपा, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिका-कॅनडात हिरवा साधारण २५ टक्क्यांच्या आतल्या उताराचा असतो असं म्हणतात, पण ते सरासरीने, मध्येच एखादा छोटा खडा तुकडा येऊ शकतो आणि घाबरलेल्या माणसाची गाडी नेमकी तिथेच अडते. नकाशा बघूनही ते कळत नाही कारण तो चित्रासारखा काढलेला असतो, अख्खा डोंगर एका कागदावर मावावा म्हणून वाटा ताणलेल्या-दाबलेल्या असतात, त्यावरून उताराचा अंदाज बांधूच नका.

म्हणून मी रंगाच्या आधी चार गोष्टी बघते. रन रुंद आहे का, खाली सपाट होत जाऊन आपोआप थांबायला होतं का, मन बदललं तर स्की न करता खाली यायची सोय आहे का, आणि त्या वेळी तिथे किती लोक आहेत. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. नवशिक्याची भीती बऱ्याचदा उताराची नसतेच, "आता इथे अडकलो तर काय" याची असते, आणि परत जाता येतं हे एकदा कळलं की तोच माणूस तोच उतार आरामात उतरतो.

रुंदीबद्दल जरा जास्त सांगते कारण इथेच लोक फसतात. व्हिसलरचे बरेचसे हिरवे रन म्हणजे खरं तर डोंगराच्या कडेकडेने जाणारे रस्ते आहेत, बर्फ सपाट करणारी मशीन ज्यावरून जातात तसले, त्यांना कॅट ट्रॅक म्हणतात. उतार अगदी कमी म्हणून रंग हिरवा. पण रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला घसरण, मागून लोक सूं करून जाणार, आणि वेग कमी करायला आडवं वळावं तर तेवढी जागाच नसते, मग पूर्णवेळ पिझ्झा, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, असं धरून ठेवावं लागतं आणि पाच मिनिटांत मांड्या भरून येतात. पुढे तोच रस्ता एकदम सपाट होतो आणि काठ्या मारत ढकलत जायची वेळ येते. घाबरलेल्या माणसाला रुंद मैदानासारखा जरा जास्त उताराचा हिरवा रन अशा रस्त्यापेक्षा खूप बरा. बर्न्ट स्ट्यू ट्रेलचं नाव तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल, वरून येणारी हिरवी लांबलचक वाट, दिसायला फार सुंदर, पण बरीच लांब आणि मध्ये सपाट पट्टे, पहिल्या दिवशी नकोच.

मग सुरुवात कुठे करायची? व्हिसलर गावातून गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची केबल कार, घ्या आणि मधल्या स्टेशनला, ऑलिंपिक स्टेशनला उतरा. साधारण १,००० मीटरवर आहे, शिकणाऱ्यांसाठीच केलेली जागा, मॅजिक कार्पेट आहेत म्हणजे सरकत्या पट्ट्यावर नुसतं उभं राहायचं आणि वर पोचायचं. उतार इतका हलका की पडलात तरी जागच्या जागी बसल्यासारखं होतं. आणि मुख्य म्हणजे खाली यायला गोंडोला शेजारीच. दुसरा पर्याय ब्लॅककोंबच्या पायथ्याशी मॅजिक चेअर (चेअर म्हणजे चेअरलिफ्ट, दोराला टांगलेल्या खुर्च्या), तीही शिकणाऱ्यांचीच, पण ती खाली असल्यामुळे गरम दिवशी तिथे पाऊस आणि चिखलासारखा ओला बर्फ मिळू शकतो. क्रीकसाइडकडून, म्हणजे व्हिसलर डोंगराच्या दुसऱ्या पायथ्याकडून, मात्र सुरुवात करू नका. पार्किंग सोयीचं म्हणून लोक तिकडे गाडी लावतात, पण ती २०१० च्या ऑलिंपिकच्या अल्पाइन शर्यतींची बाजू आहे, नवशिक्यासाठी तिथे काही नाही.

कार्पेटवर थांबता यायला लागलं, डावी-उजवीकडे वळता यायला लागलं की मगच पुढे. माझा नियम साधा आहे: सांगितलेल्या जागी, म्हणजे "त्या निळ्या जॅकेटवाल्याच्या अलीकडे थांब" असं म्हटलं की लागोपाठ तीन वेळा नीट थांबता आलं पाहिजे. दोनदा जमलं आणि तिसऱ्यांदा वाहवत गेला तर अजून कार्पेटच. पहिला दिवस अख्खा इथेच गेला तरी काही बिघडत नाही. आणि शिकवायला इन्स्ट्रक्टर घ्या हो, पैसे जातात पण नवऱ्याने बायकोला किंवा दादाने बहिणीला शिकवताना जे वाद होतात ते वाचतात.

पुढची पायरी म्हणजे गोंडोलाने थेट वर राउंडहाऊसला, म्हणजे गोंडोला संपतो तिथल्या लॉजला, जायचं, १,८५० मीटरच्या आसपास, आणि तिथून इमराल्ड चेअरच्या बाजूचे रन. ईगो बोल, व्हिस्की जॅक हे दोन्ही हिरवे, झाडांमधून जाणारे, आणि लहान मुलांसाठी-नवशिक्यांसाठी ग्रीन एकर्स नावाचा हळू जाण्याचा भागही तिथेच. मला ही जागा आवडते कारण इथे एक गोल फिरता येतो, उतरा, इमराल्डने परत वर या, पुन्हा उतरा, आणि कंटाळा आला किंवा पाय थकले की राउंडहाऊसहून गोंडोलात बसून खाली. उतरताना फाट्यावरच्या पाट्या मात्र वाचायच्या, हिरवा गोल आणि इमराल्डचं नाव शोधायचं. प्रत्येक फाट्याला कडेला थांबा, सगळे आले का बघा, मगच पुढे.

चेअरलिफ्टची भीती वेगळीच असते, तिच्याबद्दल एक उपयोगाची गोष्ट. इमराल्डसारख्या हाय-स्पीड चेअर स्टेशनात आल्या की मुख्य दोरापासून सुटतात आणि अगदी सावकाश सरकतात, बसायला-उतरायला भरपूर वेळ मिळतो. छोट्या जुन्या पद्धतीच्या चेअर दोराला कायमच्या घट्ट असतात, त्या वर हळू चालतात पण बसताना त्याच वेगाने येऊन गुडघ्यामागे लागतात. म्हणजे नाव हाय-स्पीड असलं तरी नवशिक्याला तीच सोपी. कुठल्याही चेअरला तिथल्या माणसाला "पहिल्यांदाच बसतोय, जरा हळू कराल का" असं सांगा, ते करतात, रोजचंच आहे त्यांना. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही काठ्या एका हातात, मागे वळून चेअर बघायची, बसलं की बार खाली. उतरताना स्कीची टोकं वर, उभं राहायचं आणि सरळ पुढे जायचं, तिथेच थांबून फोटो नाही, मागचे येऊन धडकतात.

आणि चेअरवर बसल्या बसल्या खालचा रन नीट बघून घ्या. हे फार कामाचं आहे. उतार वरून बघितला की असतो त्याच्या दुप्पट खडा वाटतो, चेअरवरून बाजूने बघितला की खरा दिसतो. कुठे रुंद आहे, कुठे लोक थांबतात, कुठे बर्फ खरवडून चकचकीत झालाय, सगळं कळतं.

वेळेचं गणितही रनइतकंच महत्त्वाचं. रात्री मशीन फिरवून बर्फ दाबून रेघारेघांचा सारखा करतात, त्याला ग्रूमिंग म्हणतात, आणि आज कुठले रन ग्रूम केलेत ते रिसॉर्टच्या ॲपवर आणि वेबसाइटवर रोज येतं. नवशिक्याने फक्त ग्रूम केलेल्या हिरव्यावर जायचं, आदल्या दिवशी जो सोपा गेला तोच रन ताज्या १५ सेंटीमीटर बर्फात पाय अडकवतो. दुपारनंतर लोकांच्या स्कीने बर्फाचे ढीग होतात, मधला भाग कडक होतो, उजेड जातो, आणि पायही थकलेले असतात. सकाळी जा, तीनच्या सुमाराला गुंडाळा. बहुतेक जण पडतात ते "चला एक शेवटचा" म्हणून घेतलेल्या फेरीत.

आणि त्याहून महत्त्वाचं, संध्याकाळी गावापर्यंत स्की करत उतरायचा हट्ट नको. हिरवी वाट आहे, लोअर ऑलिंपिक, नकाशावर साधी दिसते, पण दिवस संपताना दोन्ही-तिन्हीकडून सगळे तिथेच येतात, थकलेले, घाईतले, काही फार जोरात, आणि खाली उंची कमी म्हणून बर्फ एकतर ओला नाहीतर गोठून काचेसारखा. गोंडोलाने खाली या. त्यात कमीपणा काही नाही, चांगले स्की करणारेही येतात. फक्त शेवटचा गोंडोला किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा.

हवा. व्हिसलर समुद्रापासून जवळ आहे त्यामुळे गावात पाऊस, मध्ये धुकं आणि वर बर्फ हे एकाच तासात चालू असू शकतं. गावात रिपरिप असली तर ऑलिंपिक स्टेशनलाही ओलंच असेल, तेव्हा वर जावंसं वाटतं, पण वर ढग असतील तर जमीन आणि आभाळ एकाच पांढऱ्या रंगाचं होतं, उंचवटा दिसत नाही, चालू आहोत की थांबलोय तेही कळेनासं होतं. याला फ्लॅट लाइट म्हणतात. अशा वेळी झाडांमधले रन धरा, इमराल्डच्या बाजूला दोन्हीकडे झाडं असल्यामुळे नजरेला आधार मिळतो. झाडांच्या वरच्या उघड्या भागात अजिबात जाऊ नका. पिवळ्या किंवा गुलाबी काचेचा गॉगल असेल तर बराच फरक पडतो.

इतकं करूनही मध्येच कोणी अडकतंच. आमच्याबरोबर ठाण्याहून आलेली एक मैत्रीण ईगो बोलला वरच्या वळणावर उभी राहिली आणि म्हणाली, "मी इथून हलणार नाही." पाय थरथरत होते, खाली बघत होती सारखी. अशा वेळी "अगं काही नाही, ये खाली" असं लांबून ओरडून काही होत नाही. मी तिच्या खालच्या बाजूला जाऊन आडवी उभी राहिले, म्हणजे घसरली तरी माझ्यापर्यंतच, आणि तिला फक्त पलीकडच्या झाडाकडे बघायला सांगितलं. आडवं त्या झाडापर्यंत, तिथे थांब. मग वळून अलीकडच्या खांबापर्यंत, थांब. असं नागमोडी करत पूर्ण रुंदी वापरत आम्ही खाली आलो, आणि रुंद रन का निवडायचा ते इथे समजतं, अरुंद रस्त्यावर हे करताच येत नाही. नाहीच जमलं तर स्की आडवे ठेवून बाजूबाजूने घसरत उतरता येतं. अगदीच नको झालं तर कडेला बसून राहा, येणाऱ्याला स्की पट्रोलला, म्हणजे डोंगरावरच्या मदत पथकाला, कळवायला सांगा, ते मदतीला येतात. स्की काढून रनच्या मधून चालत सुटू नका.

थांबायचं ते कायम कडेला आणि वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी, उंचवट्याच्या खाली कधीच नाही. पुढच्या माणसाचा हक्क पहिला, मागच्याने चुकवायचं, हा इथला नियमच आहे. म्हणजे नवशिक्याने सतत मागे बघत घाबरायची गरज नाही, आपली वळणं अंदाज येईल अशी घेत राहायची, एकदम काटकोनात आडवं घुसायचं नाही, बास.

बूट रेंटलवाल्याला खरं सांगा, "पहिल्यांदा करतोय, भीती वाटते". तो स्की छोटे देतो आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तुमच्या वजनाप्रमाणे लावतो. मोजा एकच, पातळ. दोन जाड मोजे घातले की पाय दुखतो आणि बूट हलतो, आणि हलणाऱ्या बुटात सगळ्यात सोपा रनही अवघड होतो. हेल्मेट भाड्याने मिळतं, घ्याच.

शक्य असेल तर फेब्रुवारीतला फॅमिली डेचा वीकेंड टाळा, ब्रिटिश कोलंबियाची सुट्टी आणि अमेरिकेतला प्रेसिडेंट्स डे एकाच सोमवारी येतात आणि सगळ्या रांगा भरतात. ख्रिसमसचा आठवडाही तसाच. मधल्या वारी हिरव्या रनवर निम्मी भीती गर्दी नसल्यामुळेच जाते. तिकीट आधी ऑनलाइन काढा, खिडकीवर महाग पडतं. गाडीने जात असाल तर सी-टू-स्काय हायवेवर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, भाड्याची गाडी घेताना विचारून घ्या.

आणि निळा कधी? इमराल्डच्या बाजूचे हिरवे रन न थांबता, पिझ्झा न धरता, नुसती वळणं घेत उतरता आले, आणि विचारल्यावर त्या माणसाने स्वतःहून "चल, बघू" म्हटलं तर. तोही ग्रूम केलेला, सकाळचा, आणि चेअरवरून आधी बघून घेतलेला. "नको" म्हणाला तर तोच हिरवा पुन्हा करा, आणि बरोबरच्यांना निळा करायचाच असेल तर ते जाऊन येतील, राउंडहाऊसला किती वाजता भेटायचं तेवढं ठरवून घ्या.