रूकी टाइट एंड घ्यायचा की नाही, हे कसं ठरवायचं?

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग; तिच्या ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजमधून नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत एखादा टाइट एंड निवडला गेला की फॅन्टसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळात, या रूकीचं (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचं) नाव लगेच वर चढतं. सहा फूट पाच इंच उंची, चाळीस यार्ड साडेचार सेकंदांत, आणि मग प्रत्येकाला तो आपल्याच संघात हवा असतो. पण टाइट एंडला दोन कामं करावी लागतात: प्रतिस्पर्ध्याला अडवणं आणि पास झेलणं. फॅन्टसीचे गुण फक्त दुसऱ्या कामाचे. अडवण्यात नवखा चुकला तर पास टाकणारा क्वार्टरबॅकच आडवा होतो, म्हणून बरेच प्रशिक्षक पहिल्या वर्षी जुन्या खेळाडूवर भिस्त ठेवतात. म्हणूनच गुणवत्तेइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, महत्त्वाचा प्रश्न असा की त्याला रूट (पास झेलण्यासाठी धावायचा मार्ग) धावायला किती वेळा मिळणार आणि त्या पासांना वाटेकरी किती आहेत.

आधी आपल्या लीगचे नियम

रूकी टाइट एंड ब्रॉक बॉवर्सने २०२४ मध्ये रेडर्सकडून ११२ झेल, १,१९४ यार्ड आणि ५ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) केले. असाच रूकी सॅम लापोर्टाने २०२३ मध्ये लायन्सकडून ८६ झेल, ८८९ यार्ड आणि १० टचडाउन. झेलाला गुण न देणाऱ्या, फक्त दर दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा गुण देणाऱ्या लीगमध्ये झेललेल्या पासांवरचे गुण बॉवर्सचे १४९.४ आणि लापोर्टाचे १४८.९, म्हणजे दोघे एकाच पायरीवर. एका झेलाला एक गुण दिला की बॉवर्स २६१.४ वर जातो आणि लापोर्टा २३४.९ वर राहतो. टाइट एंडच्या झेलाला दीड गुण मिळत असेल तर हे अंतर ३९.५ गुणांचं होतं. त्यामुळे दुसऱ्या कुणाची क्रमवारी जशीच्या तशी उचलू नका. ती कोणत्या नियमावर बेतली आहे हे आधी पाहा.

कॉलेजची कामगिरी

नुसते यार्ड फसवतात. लापोर्टाचं कॉलेजमधलं शेवटचं वर्ष घ्या: आयोवाकडून २०२२ मध्ये ५८ झेल, ६५७ यार्ड, फक्त १ टचडाउन. आकडे साधेच. पण आयोवाचं आक्रमण त्या वर्षी देशातल्या सर्वांत दुबळ्यांपैकी होतं आणि संघात सर्वाधिक यार्ड त्याचेच होते. म्हणून संघाच्या एकूण पासिंग यार्डांपैकी त्याचा वाटा किती, हे काढा. टाइट एंडचा वाटा २० टक्क्यांच्या वर असेल तर लक्ष द्या. दुसरी कसोटी दर रूटमागे यार्ड. कॉलेजमध्ये २ च्या पुढे असणारा बहुधा खरा पास झेलणारा असतो.

उलट बाजूचं उदाहरण हॅरॉल्ड फॅनिन ज्युनियरचं. बोलिंग ग्रीनकडून २०२४ मध्ये ११७ झेल, १,५५५ यार्ड. छोट्या कॉन्फरन्समधले (कॉलेज संघांच्या दुबळ्या गटातले) असे आकडे थोडी काटछाट करूनच घ्यायचे असतात. ती किती करायची हे बलाढ्य संघांविरुद्धच्या सामन्यांवरून कळतं, आणि त्याने पेन स्टेटविरुद्ध १३७ आणि टेक्सास ए अँड एमविरुद्ध १४५ यार्ड काढले होते. अशा खेळाडूच्या आकड्यांना फार कात्री लावू नये.

वयही बघा. बॉवर्सने जॉर्जियात पहिल्याच वर्षी ८८२ यार्ड आणि १३ टचडाउन केले होते. दुसरा टाइट एंड हेडन हर्स्ट ड्राफ्टच्या वेळी २४ वर्षांचा होता. तेविशी-चोविशीतल्या खेळाडूने अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांवर मिळवलेलं वर्चस्व तितकं मोलाचं नसतं.

ड्राफ्टची फेरी म्हणजे संधीचा अंदाज, हमी नाही. रेव्हन्सनी २०१८ मध्ये हर्स्टला २५ व्या आणि मार्क अँड्र्यूजला ८६ व्या क्रमांकावर घेतलं. त्या हंगामात हर्स्टचे १३ झेल झाले, अँड्र्यूजचे ३४. हर्स्टला दुखापतीने सुरुवातीलाच गाठलं हे खरं, पण पुढच्या वर्षांतही अँड्र्यूजच पुढे राहिला.

वाटेकरी मोजा

हा भाग सर्वांत जास्त वेळ घेऊन करा. संघाच्या गेल्या हंगामातल्या टार्गेटची (कुणाला उद्देशून किती पास टाकले त्याची) यादी काढा आणि जे खेळाडू निघून गेले त्यांच्या नावावर काट मारा. उरलेल्यांत दोन मातब्बर रिसीव्हर, पास झेलणारा रनिंग बॅक आणि शिवाय जुना टाइट एंड असेल, तर रूकीच्या ताटात फार काही पडत नाही. लापोर्टाची वाट आधीच मोकळी झाली होती: लायन्सनी टी. जे. हॉकेन्सनला नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हायकिंग्सकडे पाठवलं होतं, आणि २०२३ च्या सुरुवातीला जेमिसन विल्यम्स निलंबित होता. इव्हन एन्ग्रमला २०१७ मध्ये जायंट्सकडे ११५ टार्गेट मिळाले, कारण ओडेल बेकम ज्युनियर आणि ब्रँडन मार्शल दोघेही लवकर जायबंदी झाले. तो मोसम परिस्थितीने घडवला होता. पुढच्या वर्षी तेवढ्याच टार्गेटची आशा धरणं चूक ठरलं.

क्वार्टरबॅक सामान्य आहे म्हणून मात्र रूकीला सोडू नका. बॉवर्सकडे चेंडू टाकणारे मुख्यतः गार्डनर मिन्श्यू आणि एडन ओकॉनेल होते. घाईत सापडलेला क्वार्टरबॅक बरेचदा मधल्या भागातल्या जवळच्या टाइट एंडकडेच फेकतो. क्वार्टरबॅकच्या दर्जाचा खरा परिणाम दिसतो तो टचडाउनमध्ये.

आकडेमोड

हंगामात संघ कुणा ना कुणाला उद्देशून एकूण ५६० पास टाकेल असं धरा. रूकीचा वाटा १५ टक्के म्हणजे ८४ टार्गेट. त्यातले ७० टक्के झेलले तर ५९ झेल. दर झेलाला १०.५ यार्डांनी सुमारे ६२० यार्ड. वीस टार्गेटमागे एक टचडाउन धरला तर चार. पूर्ण पीपीआरमध्ये (एका झेलाला एक गुण) बेरीज १४५, सतरा सामने धरले तर सामन्याला साडेआठ. बारा जणांच्या लीगमध्ये हा जेमतेम खेळवण्याजोगा. वाटा २० टक्के केला तर ११२ टार्गेट, ७८ झेल आणि साधारण १९३ गुण होतात, सामन्याला अकराच्या वर. सगळा फरक त्या पाच टक्क्यांत आहे, म्हणून वाट्याचा आकडा मनाला वाटेल तसा टाकू नका. काट मारलेल्या यादीवरूनच काढा.

टचडाउनचा अंदाज सरासरीजवळच ठेवा. रूकी टाइट एंड काइल पिट्सने २०२१ मध्ये १,०२६ यार्ड काढले आणि टचडाउन केला एकच, तोही लंडनमधल्या सामन्यात.

सप्टेंबरमध्ये काय पाहायचं

नव्याचे नऊ दिवस इथे फार महागात पडतात. हॉकेन्सनने २०१९ च्या पहिल्याच सामन्यात ६ झेल, १३१ यार्ड, १ टचडाउन केला: पीपीआरचे २५.१ गुण. उरलेल्या ११ सामन्यांत मिळून ५५.६, म्हणजे सामन्याला पाच. ज्यांनी पहिल्या आठवड्यानंतर वेव्हरवर (कुणाच्याही संघात नसलेल्या खेळाडूंच्या बोलीत) पैसे ओतले त्यांच्या पदरात एवढंच पडलं.

गुणांऐवजी रूट मोजा. समजा संघाने ३६ वेळा पास टाकायचा डाव रचला. त्यात आपला गडी २६ वेळा मैदानात होता, ६ वेळा अडवायला थांबला, २० वेळा रूट धावला. त्याचा रूट-सहभाग २० भागिले ३६, म्हणजे ५६ टक्के. स्नॅपच्या तक्त्यात (एकूण किती डावांत मैदानात होता त्याच्या) हाच खेळाडू ७५-८० टक्के दिसू शकतो, कारण धावण्याच्या डावांत तो अडवण्यासाठी आत असतो. स्नॅप बघून हुरळून जाणाऱ्यांची चूक होते ती इथेच.

आमचा ठोकताळा असा: सलग दोन सामने ७० टक्क्यांच्या वर रूट-सहभाग असेल तर गुण कमी असले तरी ठेवा, आणि वेव्हरवर असेल तर १०० च्या बजेटमधले १० ते १५ लावा. ५० ते ७० मध्ये असेल तर बाकावर जागा असली तरच ठेवा. चौथ्या आठवड्यानंतरही ५० च्या खाली असेल तर सोडा.

सामना पाहत असाल तर थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) सात-आठ यार्ड हवे असतानाचा एकेक स्नॅप बघा. आपला गडी मैदानात आहे का? असला तर टॅकलच्या (अडवणाऱ्यांच्या रांगेतल्या कडेच्या खेळाडूच्या) शेजारी हात जमिनीला टेकून उभा आहे, की दोन-चार यार्ड बाहेर, स्लॉटमध्ये सरळ उभा? स्लॉटमधला माणूस अडवायला क्वचितच थांबतो. गोलपासून दहा यार्डांच्या आतही हेच बघा. तिथे त्याच्याऐवजी जुना टाइट एंड येत असेल तर टचडाउन त्याच्याकडे जातील.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी: रविवारचे पहिले सामने रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेची घड्याळं बदलली की साडेअकराला. न खेळणाऱ्यांची यादी नव्वद मिनिटं आधी येते, म्हणजे नऊला किंवा दहाला. जेवणं उरकल्यावर एकदा ती बघून संघ लावा.

रिड्राफ्ट आणि डायनास्टी

एका हंगामाच्या लीगमध्ये रूकीला शेवटच्या फेऱ्यांत, दुसरा टाइट एंड म्हणून घ्या. पहिला असा निवडा की ज्याचे सामन्याला आठ गुण जवळपास ठरलेले आहेत आणि ज्याचा बाय (सामना नसलेला आठवडा) वेगळा आहे. बॉवर्ससारखा क्वचित एखादा याला अपवाद ठरतो.

डायनास्टीत, म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडेच ठेवायच्या लीगमध्ये, मात्र दोन-तीन वर्षांचा धीर हवा. ट्रे मॅकब्राइड २०२२ मध्ये ५५ व्या क्रमांकावर कार्डिनल्सकडे गेला; पुढे जुना टाइट एंड झॅक अर्ट्झ होता, आणि पहिल्या वर्षी २९ झेल व २६५ यार्डच झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अर्ट्झ जायबंदी झाला आणि मॅकब्राइडने ८१ झेल केले; २०२४ मध्ये १११. असे खेळाडू घ्यायची वेळ म्हणजे पहिल्या हंगामानंतरचा हिवाळा, जेव्हा त्याचा फॅन्टसी मालक कंटाळलेला असतो आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक (निवडीचा हक्क) दिला तरी सोडायला तयार होतो. विचारण्याआधी दोनच गोष्टी तपासा: पुढच्या जुन्या टाइट एंडचा करार कधी संपतो, आणि डिसेंबरच्या सामन्यांत रूकीचे रूट सप्टेंबरपेक्षा वाढले होते का.