कोकणच्या पावसात काकडी कशी लावावी

मिरगाच्या सरी सुरू झाल्या की कोकणात परसातल्या मांडवाची गडबड उडते. काकडीला ऊब लागते, दमट हवाही तिला चालते. भर पावसातही वेल जगतो. तो जातो मुळाशी पाणी तुंबल्यामुळे आणि पानं सतत ओली राहिल्यामुळे. पुढची सगळी कामं या दोन गोष्टी टाळण्यासाठीच आहेत.

१. जागा आणि आळं
दिवसभर उजेड मिळणारी, थोडी उताराची जागा निवडा. माडाच्या किंवा फणसाच्या सावलीत वेल नुसता वाढतो, धरत नाही. सखल आळं करू नका. दोन फूट रुंद आणि फूटभर उंच मातीची वरळी, म्हणजे उंचवटा, करा, दोन वरळ्यांमध्ये तीन फूट अंतर ठेवा आणि कडेने पाण्याला वाट काढून द्या. प्रत्येक वरळीत घमेलंभर कुजलेलं शेणखत मिसळा. अर्धवट कुजलेलं नको, त्याने मूळ सडतं.

२. बी
दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'शीतल' ही जात कोकणासाठी चांगली. घरचं तवशाचं, म्हणजे मोठ्या गावठी काकडीचं, बी असेल तर तेही लावा. धोंडसासाठी, म्हणजे काकडीच्या गोड केकसाठी, जून तवसंच हवं. कोवळ्या काकडीला ती चव येत नाही. बी रात्रभर भिजवून एका वरळीत तीन-चार टोचा, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. उगवल्यावर दोन जोमदार रोपं ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर शेजारच्या रोपाचं मूळ दुखावतं.

या वयात तांबडे भुंगेरे पहिल्या दोन पानांची चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हाच हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

३. मांडव
वेलाला आधार पकडणारे ताणे फुटण्याआधी मांडव उभा हवा. बांबूचे खांब, वर काठ्या आणि सुतळी, उंची डोक्याएवढी. खालची, मातीला टेकणारी पानं काढत राहा, म्हणजे वारा खेळेल. फांद्यांची गर्दी झाली तर काही बिनदिक्कत छाटा. जमिनीवर सुक्या पानांचं आच्छादन घाला. चिखलाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

४. फुलं
सुरुवातीला नुसती नर फुलं येऊन गळतात. घाबरू नका, मादी फुलं मागून येतात. मादी फुलाच्या देठाशी लव असलेली, बारीकशी काकडी दिसते. झड लागली की मधमाश्या फिरकत नाहीत आणि ही काकडी पिवळी पडून गळते. तेव्हा सकाळी उघडीप पाहून ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्यातले पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. पावसाळ्यात मला हे काम खतापेक्षा मोलाचं वाटतं.

५. केवडा आणि फळमाशी
पानावर शिरांनी अडवलेले, कोनदार पिवळे डाग आणि खाली करडी-जांभळट बुरशी म्हणजे केवडा रोग. तो दमट हवेत झपाट्याने पसरतो. अशी पानं काढून लांब नेऊन पुरा आणि वेल ओला असताना त्याला हात लावू नका. फवारणी करायचीच झाली तर ती उघडीप असताना, लेबलवर दिलेल्या प्रमाणातच करा आणि फवारणी ते तोडणी यांतलं तिथे दिलेलं अंतर पाळा.

फळमाशी कोवळ्या काकडीला टोचून आत अंडी घालते. टोचल्या जागी चिकाचा थेंब दिसतो, मग फळ वाकडं होऊन सडतं. तिच्या अळ्या पुढे मातीत कोष करतात, म्हणून सडकी फळं खतखड्ड्यात टाकायची नाहीत. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवा. फुलं येण्याआधीच क्यू ल्युरचा, म्हणजे माशीला वासाने ओढणारा, सापळा टांगा. आंब्याच्या फळमाशीसाठी लावतात तो मिथाईल युजेनॉलचा सापळा या माशीला चालत नाही. क्यू ल्युरकडेही फक्त नर येतात, म्हणून हाताने पराग लावून धरलेल्या फळांना जाळीची पिशवी बांधलेली बरी.

६. तोडणी
पेरणीपासून साधारण दीड महिन्यात काकडी हाती लागते. नंतर दर दोन-तीन दिवसांनी तोडा. एखादी पिकून वेलावर राहिली की नवी फळं धरणं मंदावतं, म्हणून तवशासाठी आणि बियाण्यासाठी एक-दोन फळं वेगळ्याच वेलावर राखून ठेवा.