बसमध्ये वाइन विकायचीय? आधी या चुका टाळा

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकचे टूरवाले एकच प्रश्न घेऊन येतात: "बसमध्ये वाइन द्यायचीय, लायसन कधी मिळेल?" कोणतं लायसन, हे मात्र कोणी विचारत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हॉटेलच्या परवान्यावर बस चालवणं. एफएल-३, म्हणजे परमिट रूमचा परवाना, जागेला मिळतो. राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे त्या जागेचा नकाशा असतो. नकाशाबाहेर, अगदी स्वतःच्या पार्किंगमध्येही विक्री चालत नाही. मग गंगापूर रोडवर धावणारी बस त्यात बसणार कशी? जहाज कंपन्यांसाठी दारूबंदी कायद्यात वेगळी तरतूद आहे, ती दाखवून वाद घालणारेही भेटतात. "डेक्कन ओडिसीत बार आहे की!" हा तर ठरलेला डायलॉग. असू दे. त्या आलिशान रेल्वेची परवानगी तुमच्या मिनीबसला लागू होत नाही.

एका टूरवाल्याने मागच्या सीटा काढून फ्रीज बसवला होता. आरटीओला न विचारता, हे ओघानं आलंच. रिसॉर्टवरच्या कार्यक्रमासाठी काढलेला एक दिवसाचा परवाना लॅमिनेट करून ड्रायव्हरच्या मागे चिकटवला. ठिकाण रिसॉर्टचं, तारीख आधीच्या शनिवारची. दिंडोरी रोडला भरारी पथकाने हात दाखवला तेव्हा पोरगं ग्लास भरत होतं. "विकत नाही साहेब, कॉम्प्लिमेंटरी आहे." साहेबांनी वाद घातला नाही. एका प्रवाशाकडून पॅकेजची पावती मागितली. त्यावर ठळक छापलेलं: 'दोन ग्लास वाइनसह'. बाटल्यांबरोबर बसही मुद्देमालात गेली, आणि बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत. चार दिवसांत परवाना काढून देतो म्हणणारा एजंट तेव्हा फोन उचलत नव्हता.

माझी पद्धत सरळ आहे. विक्री वाइनरीतच होऊ द्या, तिच्याकडे त्याचा परवाना असतो. पत्रकात मी लिहायला लावतो, 'टेस्टिंगचे पैसे वाइनरीत भरावेत'. बाटली ग्राहकाने घ्यायची, बिल त्याच्या नावाचं, सील घरी गेल्यावर फोडायचं. पत्रक फिकं दिसतं अशी तक्रार येते. दिसू दे.

वय बुकिंगलाच विचारा: वाइन-बिअरला २१, बाकी दारूला २५.

ड्रायव्हरला टेस्टिंगच्या टेबलाजवळ फिरकू देऊ नका. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, आणि "चवच घेतली" हे मशीनला कळत नाही.

२ ऑक्टोबरचा ड्राय डे सगळ्यांच्या लक्षात असतो, मतदान संपण्याआधीचे ४८ तास मात्र कोणी धरत नाही. शनिवार-रविवारचं बुकिंग घेण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश बघा.

आणि सापुतारा. वाइनरी करून वणीमार्गे पुढे सापुताऱ्याला जायचं पॅकेज जोरात खपतं. हद्द ओलांडली की गुजरात, तिथे दारूबंदी. १९४९ चा मूळ कायदा दोन्ही राज्यांचा एकच, पण नाशिकचं बिल तिथे चालत नाही, बाटली सीलबंद असली तरी. एका प्रवाशाच्या पिशवीपायी सगळी बस अडकते. म्हणून सापुतारा सकाळी उरका, वाइनरी परतीच्या वाटेवर ठेवा.