मीठ आणि तूप-तेल कमी करायचंय? ताटाची डावी बाजू आधी बघा

घरात कुणाचं बीपी वाढलं की सगळ्यात आधी भाजीतलं मीठ काढतात, मग आठवडाभरात सगळे वैतागतात आणि परत पहिल्यासारखं सुरू. भाजी राहू द्या हो. डावीकडे बघा, लोणचं, पापड, सुकी चटणी आणि वर वेगळं वाढलेलं मीठ, खरी गडबड तिथे आहे. पापड तळण्याऐवजी भाजला तर तेल वाचतं पण मीठ तेवढंच राहतं, शिवाय पापडखारातही सोडियमच (मिठातला बीपी वाढवणारा घटक) असतं, त्यामुळे पापड रोज नको, आठवड्यातनं एकदा. लोणच्याची फोड घ्या, खार बरणीतच राहू दे. कोशिंबिरीत मीठ घालूच नका, लिंबू पिळा, मिरची ठेचून घाला, जिरेपूड आणि भरपूर कोथिंबीर, मस्त लागते आणि काकडीला पाणीपण सुटत नाही.

डब्ल्यूएचओ सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, बाहेरचं खाणं धरून. चौघांचं घर असेल तर 1 किलोची पिशवी 50 दिवस तरी पुरलीच पाहिजे. फोडली की तिच्यावर पेनने तारीख टाका, लगेच कळतं आपण कुठे आहोत ते. कणकेत आणि भातात मीठ बंद करा, कुणाच्या लक्षातही येत नाही. मग भाजी-आमटीतलं हळूहळू कमी करा आणि आमसूल, चिंच, लसूण जरा सढळ हाताने वापरा, काही आठवड्यांत जिभेला सवय होते. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही सोडियमच. लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका प्लीज.

आता तूप. वरणभातावर छोटा चमचाभर घेताय ना, घ्या. सॅच्युरेटेड फॅट (कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी) खरं तर चहाबरोबर गुपचूप येतं, खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं, फरसाण. पाकिटामागे पाम तेल किंवा पामोलीन लिहिलंय का बघा, पाम तेलातली जवळपास निम्मी चरबी सॅच्युरेटेड असते आणि आपल्या करडईच्या तेलात साधारण दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे घरी करडई किंवा शेंगदाणा तेल, तेही बाटलीतून धार न सोडता चमच्याने मोजून. दूध फुल क्रीम (6 टक्के फॅट) घेत असाल तर टोन्डवर (3 टक्के) या, अर्ध्या लिटरमागे 15 ग्रॅम फॅट कमी झालं, चहात फरक जाणवतसुद्धा नाही.

पाकिटावर मिठाऐवजी सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणा. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. पण आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा ते नीट बघा, गफलत तिथेच होते.

आणि हे सगळं केल्यावर बीपी उतरलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, रीडिंग लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.