परागकणातला प्रमोटर तपासताना या चुका टाळा

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांतल्या नेहमीच्या रोपात प्रमोटर (जनुक कुठे, कधी चालू होणार ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) आणि गस (जिथे चालू असेल तिथे निळा रंग देणारं खूण-जनुक) यांची जोडणी घातली, टी१ म्हणजे जोडणी घातल्यानंतरच्या पहिल्या पिढीतल्या रोपाचे परागकण रंगवले आणि निम्मेच निळे झाले. एवढ्यावरून प्रमोटर कच्चा ठरवून ते रोप फेकू नका. परागकण अगुणित असतो, म्हणजे त्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. जोडणी एकाच जागी, जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर बसली असेल तर ती निम्म्याच कणांच्या वाट्याला येते. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर दोन जागी बसली असेल तर सुमारे ७५ टक्के कण निळे होतात. खात्रीसाठी हीच जोडणी क्वार्टेट१ उत्परिवर्ती रोपात आणा. तिथे एका मातृपेशीचे चारही कण चिकटून राहतात, त्यामुळे जोडणी एकाच जागी असेल तर प्रत्येक चौकडीत दोन निळे, दोन रंगहीन असा हिशेब डोळ्यांनीच दिसतो. एकाच जागेच्या अशा रोपात चारही निळे आले, तर प्रमोटर अर्धसूत्री विभाजनाआधीच चालू झाला असावा. गस प्रथिन टिकाऊ असल्याने ते पुढे वाटून जातं.

रंगाचीही एक खोड आहे. परागकणात स्वतःचं गससारखं विकर असतं आणि ते आम्लधर्मी द्रावणात जास्त चालतं. बफर पीएच ७ चा ठेवा, त्यात २० टक्के मिथेनॉल घाला आणि शेजारी जोडणी नसलेल्या रोपाचे कण तेवढाच वेळ ३७ अंशांवर ठेवा. तेही निळे झाले तर निकाल बाद. तुलनेसाठी ३५एस हा नेहमी वापरला जाणारा प्रमोटर मात्र घेऊ नका, अरॅबिडॉप्सिसच्या परागकणात तो फारसा चालत नाही. टोमॅटोचा लॅट५२ हा परागकणात चालणारा प्रमोटर घ्या.

सगळ्यात जास्त फसवतो तो एजीएएए हा लॅट५२ मधला डीएनएच्या पाच अक्षरांचा घटक. संगणकावर शोधला की तो जवळपास प्रत्येक प्रमोटरमध्ये सापडतो, आणि 'परागकण-विशिष्ट घटक मिळाला' असं लिहून मोकळं होतात. साधं गणित करा: पाच अक्षरांच्या १०२४ जुळण्या होतात, म्हणजे १५०० बेस जोड्यांत दोन्ही धाग्यांवर मिळून तो नुसत्या योगायोगानेच तीनेकदा येणार, ए-टी जास्त असतील तर आणखी. पुरावा हवा तर घटकाची अक्षरं बदलून पाहा. कापून काढू नका, कापल्यावर उरलेल्या घटकांमधलं अंतर बदलतं आणि परिणाम कशाचा ते कळत नाही.

प्रमोटरचा तुकडा भाषांतर (आरएनएवरून प्रथिन बनणं) सुरू होण्याच्या एटीजी या खुणेपर्यंत घेतलात तर त्यात ५ प्राइम अनुवादरहित भागही, म्हणजे आरएनएच्या सुरुवातीचा प्रथिनात न उतरणारा भागही येतो. लॅट५२ मध्ये हा भाग पक्व होत असलेल्या परागकणात भाषांतर वाढवतो, आणि त्याचं श्रेय प्रमोटरला जातं. तुलनेतल्या सगळ्या जोडण्यांत हा भाग एकच ठेवा, आरएनए वेगळा मोजा.

कळीच्या लांबीवरून अवस्था ठरवणं तर सोडाच. प्रत्येक कळीतला एक परागकोश डॅपी या डीएनए चमकवणाऱ्या रंगात चुरडा आणि केंद्रकं मोजा: एक असेल तर लघुबीजाणू, दोन असतील तर पहिलं समसूत्री विभाजन झालेलं, तीन असतील तर पक्व. टोमॅटो आणि तंबाखूत पक्व कणातही दोनच असतात. लॅट५२ पहिल्या विभाजनानंतर वाढपेशीत (परागकणातल्या मोठ्या पेशीत) चालू होतो, शुक्रपेशींत नाही. निळा रंग पेशीभर पसरत असल्याने हा फरक दिसत नाही. त्यासाठी हिस्टोन या केंद्रकातल्या प्रथिनाला जोडलेलं जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन वापरा, म्हणजे चमक केंद्रकातच राहते.